समोर येऊन बोल

माझे बाबा नौदलात होते असं सांगितलं की आमच्या गावात लोक आधी हसायचे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातलं धानाचं गाव आमचं. पाणी म्हणजे तलाव, नाहीतर शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं. बाबा स्वतःही म्हणायचे की त्यांनी समुद्र फारसा पाहिलाच नाही. पंधरा वर्षं जहाजावर काढली खरी, पण ती खाली, इंजिनाच्या खोलीत. मी दुसरीत असताना मुदत संपवून ते कायमचे घरी आले आणि गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मशीनवर लागले.

घरी आल्यावर त्यांनी संसार असा अंगावर घेतला की शेजारच्या बायका आईला चिडवायच्या. धान रोवण्याच्या दिवसांत आई उजाडताच शेतावर जायची. मग वरणभात बाबा करायचे, माझ्या गणवेशाला इस्त्री बाबा करायचे, वेणीही तेच घालायचे. त्यांनी घातलेली वेणी दोरखंडासारखी घट्ट असे, संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. वेणी होईस्तोवर मी बडबडत राहायची. शाळेत कोण रागावलं, कोणाची पेन्सिल हरवली, मला पोहायला कधी शिकवणार, सगळं. मागून कधी हूं की चूं नाही. नुसती वेणी ओढली जायची.

घरात एक नियम होता. त्यांच्याशी काही बोलायचं तर समोर उभं राहून बोलायचं. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ते ओ देत नसत, मागाहून म्हणत, “समोर येऊन बोल.” आम्हाला ती फौजी शिस्त वाटायची. मोठी होत गेले तसा मी तिचा वेगळा अर्थ लावला. हा माणूस आपलं सगळं करतो, पण आपल्याशी बोलण्यात त्याला रस नाही. लग्न होऊन अर्जुनी मोरगावला गेले, तिथल्या शाळेत शिकवू लागले. घरी फोन केला की बाबा “हो, हो, ठीक आहे, आईसंग बोल” म्हणून मोकळे व्हायचे. पुढेपुढे मी त्यांना फोन द्या म्हणायचंच सोडून दिलं.

सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आई सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, शेवाळावरून घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. तिला उठता येईना. ती ओरडत राहिली आणि बाबा घरापुढच्या छपरीत फवारणीचा पंप उघडून बसलेले. शेवटी तीन घरं पलीकडच्या बाईंनी ऐकलं आणि त्या धावत आल्या. बाबांच्या पुढ्यात येऊन त्या म्हणाल्या की बायको केव्हाची बोंबलून राहिली अन् तुम्ही इथं बसले. तेव्हा कुठे ते पंप टाकून आत धावले.

मी दुपारच्या गाडीने गोंदियाला पोचले. दवाखान्यात आईला खाटेवर निजवलं होतं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. बाबा तिच्या पायाशी स्टुलावर बसले होते, कपड्यांना पंपाचं ऑइल तसंच. वाटभर साठवलेला राग मी त्यांच्या तोंडावर काढला. एवढी हाक तुम्हाला ऐकू आली काऊन नाही, असं विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

“मले आयकू येत नाही, बाई,” ते म्हणाले. “तू लहान होती तेव्हापासून. इंजिनाच्या आवाजानं कान गेले.”

मग ते बोलत गेले. जहाजावर शेवटच्या वर्षांतच त्यांना जाणवू लागलं होतं. कोणाला सांगितलं तर जहाजावरून उतरवतील, मग घर कसं चालायचं, म्हणून गप्प राहिले. पुढे मिलमध्ये बहिऱ्या माणसाला मशीनवर कोण ठेवणार, म्हणून तिथंही गप्प. नंतर गप्प राहायची सवयच पडली. समोरच्याचे ओठ दिसले की बरंचसं कळायचं. “तुयी वेणी घालताना मान हालायची,” ते म्हणाले, “म्हणजे तू बोलून राहिली इतकं समजे. काय बोलून राहिली, ते समजत नव्हतं. पुढं येऊन पाहावं तर वेणी सुटे.”

इतक्या वर्षांचा माझा हिशेबच चुकला होता, आणि तो चुकला म्हणून इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

आई डोळे मिटून पडली होती. आम्हाला वाटलं झोपली. ती म्हणाली, “मले मालूम होतं.”

तिचं बोलणं मी बाबांना समोरून पुन्हा सांगितलं. ते चकित झाले. मग बोलली काऊन नाहीस, असं त्यांनी विचारलं. आईने डोळे उघडले, मान त्यांच्याकडे वळवली आणि त्यांना दिसेल असं सावकाश म्हणाली, “तुमी लपवून राहिले होते. मी कायले उघडं पाडू?”

ऑपरेशन नीट झालं. दिवाळीपर्यंत आई काठी घेऊन अंगणात फिरू लागली. तिला फिरतं पाहिल्यावरच बाबा स्वतःच्या कानांची तपासणी करून घ्यायला तयार झाले. कानाचं मशीन मिळालं तेव्हा पहिले आठ दिवस ते वैतागले होते. भांडी, कावळे, पत्र्यावरची चिमणी, सगळंच अंगावर येतं म्हणाले. एकदा काढून डब्यात ठेवलं, आईने पुन्हा कानात घालायला लावलं.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते आणि फोन वाजला. पलीकडे बाबा. “मी बोलून राहिलो,” ते म्हणाले, आणि पुढे काय बोलावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी तुमच्याकडे पाऊस झाला का विचारलं. तिथून जी सुरुवात झाली ती चार वर्षं चालली. रोज संध्याकाळी फोन. कधी धानावरच्या किडीवर, कधी माझ्या वर्गातल्या पोरांवर. आता मी विचारलेलं ऐकू यायचं, म्हणून ते जहाजाबद्दलही सांगू लागले. माझ्या जन्माचं पत्र त्यांना वीस दिवस उशिरा मिळालं होतं. खालच्या उकाड्यात ते वाचताना घामाने शाई पसरली, म्हणून सोबत्याला ते मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.

दोन वर्षांपूर्वी, धान घरात आल्यावर, एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्रास असा झालाच नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी फोनवर विचारलं होतं की रविवारी येतेस का, तलावाची मासोळी निघणार आहे. मी येते म्हणाले होते.

तेरवीला आलेल्या एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन विचारलं, वडिलांशी काही बोलायचं राहून गेलं का. मी खरंच आठवून पाहिलं. काही नव्हतं. दोन दिवसांनी आईला घेऊन मी अर्जुनीला परत आले, आणि त्या रात्री आम्ही दोघी गाढ झोपलो.