शैलाकाकूंची संसद

शैलाकाकू भांडताना ओरडत नसत, ओटा पुसत. ओटा जितका चकचकीत, तितकं अरविंदकाकांचं काही खरं नसे.

जर्मनीत, हायडेलबर्गला त्यांच्या माळ्यावरची खोली मी भाड्याने घेतली होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात बोलायची फार भीती वाटे. म्हणून इंग्लंडच्या इतिहासावरचं माझं भाषण आधी काकूंसमोर व्हायचं.

"राजाने अकरा वर्षं संसदच बोलावली नाही," मी वाचलं. "मग लढाईला पैसे लागले, तेव्हा आठवण झाली. संसद म्हणाली, आधी आमची गाऱ्हाणी ऐका, मग पैसे."

"गेनाऊ! अगदी बरोबर! शहाणी माणसं. पुढे?"

आजही राजाचा दूत आला की संसद आधी त्याच्या तोंडावर दार आपटते, हे तर त्यांना फारच आवडलं.

त्याच आठवड्यात जेवताना काकांनी जाहीर केलं, "मी रिटायर झालो की मार्चमध्ये कायमचं पुण्याला. तिकिटं काढलीत." काकूंनी फडकं उचललं. ओटा आरशासारखा झाला.

मग गणपतीला काकांनी ऑफिसातल्या सगळ्यांना उकडीचे मोदक कबूल केले, तेही न विचारता. आदल्या दिवशी स्वयंपाकघराचं दार बंद.

"तू जा गं, तुझं ऐकते ती," काका मला म्हणाले.

मी दार वाजवलं. काकूंनी उघडलं, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि धाडकन लावून घेतलं. "राजाला स्वतःला येऊ दे!"

"हे काय आणि?" काका गोंधळले. मी चाचरत राजाचं, संसदेचं, दाराचं सगळं सांगितलं.

"शेवटी त्या राजाचं काय झालं?"

"शिरच्छेद, काका."

काकांनी चष्मा पुसला आणि स्वतः दार वाजवलं. "शैला, ते मोदक..."

"आधी गाऱ्हाणं. अहो, तिकिटं कुणाला विचारून काढलीत?"

 काकांनी फोन काढून, तिथेच, तिकिटं रद्द केली. आणि अवघडून म्हणाले, "शैला, तुला जायचंय का पुण्याला?"

दार उघडलं. "हो. मार्चमध्येच. काढा तिकिटं."

काका पुन्हा फोनवर तिकिटं शोधू लागले. काकूंनी तांदळाची पिठी मोजायला घेतली.

मार्चमध्ये विमानतळावर मी भीत भीत विचारलं, "काकू, जायचंच होतं, तर एवढं कशाला?"

"अगं, मला जायचं होतं," काकू पदर खोचत म्हणाल्या. "कुणी न्यायला नको होतं."