बर्फावरचा धुळा

धुळा पाय उचलून चालत नाही, सरकतो. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर तो पहारेकरी आहे. केबिन एवढीशी, की खुर्ची आत ठेवली तर माणसानं बाहेर उभं राहावं. तरी बारा तास तो तिथल्या गुळगुळीत फरशीवर इकडून तिकडे घसरत असतो. बघणाऱ्याला वाटतं, गुडघा अधू आहे.

गुडघा अधू आहेच. तो कुणामुळे झाला, हे मला एकट्याला माहीत होतं.

आम्ही दोघं माण तालुक्यातले, मेंढपाळांच्या घरचे, एकाच पलटणीत भरती झालेले. लडाखला गेल्यावर धुळानं पहिल्यांदा बर्फावरची हॉकी पाहिली, आणि दोन हिवाळ्यांत बुटाखालच्या पात्यांवर असा पळू लागला, की साहेबांनी त्याला सैन्याच्या संघात पुढच्या फळीत घेतलं. मग हिवाळाभर खेळ हीच त्याची ड्यूटी. काठीनं रबराची चकती नेताना म्हणायचा, "शिवा, मेंढरू ढकलून जात न्हाई गड्या. वाट मोकळी दिसली की आपसूक जातंय." आणि समोरून धिप्पाड गडी अंगावर आला तर? "लांडग्याच्या दाताकडं कशाला बघतूस? पायाकडं बघ की!" पण त्याचं खरं वैभव म्हणजे डावीकडचं वळण. भरधाव येऊन तो असा वळायचा, की गोलरक्षक अजून उजवीकडेच बघत असायचा.

मैदान आम्ही जवानच बनवायचो. सपाट जमिनीवर पाण्याचा थर ओतायचा, गोठला की दुसरा. देशाच्या संघाची निवड होती, त्या आठवड्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. टँकरची वाट बघत लहानाचा मोठा झालेला मी. चांगलं पाणी भुईवर ओतणं जिवावर यायचं. साहेबांनी आठ थर सांगितले होते. एका कोपऱ्यात मी पाचच दिले आणि उरलेलं पाणी पिंपात राखलं. कशासाठी? ते आजही सांगता येत नाही.

धुळा नेमका त्याच कोपऱ्यात वळला. पातळ बर्फ फुटला, पातं खालच्या दगडगोट्यांत अडकलं, गुडघा फिरला.

"थर पुरे होते?" साहेबांनी मला विचारलं.

"होय साहेब. ह्यानंच वळायला उशीर केला."

धुळा शेजारीच स्ट्रेचरवर होता.

पुढे त्याला नव्या खेळाडूंना शिकवायला बोलावलं. गेला नाही. "ज्याला सवताला वळता आलं न्हाई, त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?" मग स्टोअरची ड्यूटी, निवृत्ती आणि ही केबिन. मी कोरेगावला राहतो. महिन्यातून एकदा भेटायला जायचो, सांगायचं ठरवून जायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतीची बस धरायचो. अशी सोळा वर्षं.

गेल्या महिन्यात केबिनच्या खिडकीशी उभं राहून, त्याच्याकडे न बघता, सगळं सांगून टाकलं.

तो सरकत खिडकीशी आला आणि म्हणाला, "म्हंजी मी येळेवर वळलो व्हतो?"

"व्हय."

"एकदम येळेवर?"

"एकदम."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, सुटलो.

"पाण्याचं मला कळतंय रं," तो म्हणाला. "माझाबी हात आखडला असता. पर सोळा वर्सं तू हितं येऊन माझा च्या पीत व्हतास."

ट्रकचा हॉर्न वाजला. त्यानं आडवा दांडा वर केला, ट्रकचा नंबर लिहून घेतला, दांडा खाली आणला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आवं, मागं सरा. बाहेरच्या माणसानं गेटवर थांबायचं न्हाई."