ग्रहणातली कडी

पंचवटीतल्या यज्ञेश्वर मास्तरांचं अख्खं आयुष्य एका हट्टापायी गेलं. काव्य आणि गणित ही एकाच आईची लेकरं, माणसांनीच मेल्यांनी वाटणी केली, असं ते भेटेल त्याला सांगायचे. वडील गंगाधरभट, म्हणजे घरातले अण्णा, रामकुंडावर यजमानांची कार्यं चालवायचे आणि जुने श्लोक गुणगुणत, बोटांवर मोजत ग्रहणाची वेळ काढायचे. मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा. शिक्षक त्याला 'भटजी' म्हणत, घाटावरचे 'साहेब' म्हणत. दोन्हीकडे चेष्टाच.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण आलं आणि मास्तर हरखले. शाळेच्या पटांगणात अण्णा श्लोक म्हणतील, आपण पुठ्ठ्याच्या भोकातून सूर्याचं बिंब कागदावर पाडू. वेळ दोघांची एकच निघेल, मग बघू कोण हसतं! अण्णा चक्क कबूलही झाले. पुठ्ठ्याला भोक पाडलं मास्तरांच्या आठवीतल्या मुलीनं, इंदिरेनं.

आणि त्या दिवशी? शाळेला सुट्टी! सगळं गाव दारंखिडक्या लावून बसलेलं. विज्ञानाचे दुसरे मास्तर तर पलंगाखाली शिरले असतील, कोण जाणे.

"आपण अंगणात करू ना, बाबा," इंदिरा म्हणाली. तेवढ्यात घोटीच्या यजमानांना घेऊन अण्णा दारात आले. मुलाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरगी ग्रहणात उघड्यावर? यजमानांनी पाहिलं तर उद्या आपल्याकडे येईल कोण? तिला आत घाल, अन् तूही चल कुंडावर."

"अण्णा, नुसती सावली असते हो. तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या आधीपासून माहीत आहे."

मास्तरांनी इंदिरेला आत लोटलं आणि बाहेरून कडी घातली. हात कसे झडले नाहीत!

कुंडात बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले. श्लोकाची वेळ आणि विज्ञानाची वेळ तंतोतंत जुळली. काठावर 'दे दान, सुटे गिराण' चालू होतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाण्याबाहेर काही ते आले नाहीत.

घरी येऊन त्यांनी कडी काढली. इंदिरा भिंतीशी बसली होती. "आजोबांना ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक होतं. मग भ्यालात कुणाला?"

मास्तर ओले कपडे वाळत घालायला वळले. भाषणं मात्र पुढंही देत राहिले.

दहावीला इंदिरेला संस्कृतात आणि गणितात सारखेच भरघोस मार्क पडले. मास्तरांनी हौसेनं विचारलं, "सायन्स की आर्ट्स? कुठंही जा बाळ, घर एकच आहे."

"कॉमर्स," ती म्हणाली. "तुमच्या त्या घराला बाहेरून कडी आहे."