थंडे सर आणि माझी डिझेल पिकअप

चाकूरला नव्याने बदलून आलेल्या माणसांना वाटायचं की ‘थंडे’ हे सरांचं आडनावच आहे. एका बँकेच्या साहेबांनी तर मुलीच्या लग्नाची पत्रिका ‘श्री. थंडे सर’ असं नाव घालून पाठवली होती. सरांनी ती पत्रिका फेकली नाही, पुस्तकात खूण म्हणून ठेवली. त्यांचं खरं आडनाव सूर्यवंशी. हायस्कूलमध्ये त्यांनी तीस-एक वर्षं विज्ञान शिकवलं. पण गावात त्यांची ओळख राहिली ती जुन्या गाड्यांमुळे. कुणालाही सेकंडहँड गाडी घ्यायची असली, मग ती मोटारसायकल असो की ट्रॅक्टर, सर बघायला आले पाहिजेत. आणि सरांची पहिली अट एकच, “गाडी थंडी बघायची.”

विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून गरम करून ठेवतो, म्हणजे तिचं सकाळचं खोकणं-खाकरणं कुणाला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ते भल्या पहाटेच्या बसने जायचे आणि मालक दात घासत असतानाच दारात उभे राहायचे. रामराम झाला की पहिल्यांदा तळहात बॉनेटवर. बॉनेट कोमट लागलं की सर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. “पुन्हा येतो,” म्हणायचे आणि चालू लागायचे.

गंमत अशी की सरांना स्वतःला काहीच चालवता येत नव्हतं. साधी मोपेडसुद्धा नाही. शाळेत पायी, बाजारात पायी, पौर्णिमेला विहारात पायी. एकदा मी विचारलं, “सर, तुम्ही का न्हाई शिकलात?” तर म्हणाले, “मला भीती वाटते रे बसू. आन ज्याला भीती वाटते तोच नीट बघतो.”

मी बसवराज. सर मला बसू म्हणायचे. नववीत मी त्यांच्या वर्गात होतो. पुढे दुकानदारीत मन लागेना, म्हणून जारच्या पाण्याचा प्लांट टाकला. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. धंदा लवकर बसला. सुरुवातीला भाड्याच्या मालवाहू रिक्षातून जार पोचवायचो. मग बायको महानंदा म्हणाली, आता आपली स्वतःची पिकअप पाहिजे. नवी झेपणारी नव्हती. मी सरांकडे गेलो.

सरांनी कुठली गाडी, केवढ्यात, काही विचारलं नाही. “जाणार कुठं कुठं ते सांग,” म्हणाले. मी सांगायला लागलो, तर थांबवून म्हणाले, “तोंडी नको. मी उद्या बसतो तुझ्याबरोबर.” आणि खरंच, सत्तरीच्या जवळ आलेला तो माणूस दिवसभर माझ्या शेजारी रिक्षात दाटीवाटीने बसला. हातात खिशातली वही. मी जार उतरवायला उतरलो की ते घड्याळ बघायचे. तहसील, दवाखाना, दोन शाळा, हॉटेलं, सराफ लाइन, मग आसपासची चार खेडी. संध्याकाळी प्लांटवर येऊन त्यांनी महानंदाला समोर बसवलं आणि मुलांना समजावतात तसं समजावलं.

“हा दोन मिनिटं गाडी चालवतो आन बंद करतो. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सबंध दिवसात गाडी एकदाबी नीट तापत न्हाई. अलीकडच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरात काजळी अडवायची जाळी असते. ती तापली तरच काजळी जळते. हा तापू देणार न्हाई, आन जाळी तुंबणार. याला पेट्रोल पाहिजे. पेट्रोल थोडं जास्त पिईल, पण रोज सकाळी कामाला उभी राहील.”

महानंदाला ते पटलं. मलाही पटलं होतं, खरं सांगतो. पण मग माझा मेव्हणा शिवा आला.

शिवा लातूरच्या डाळीची भाडी हैदराबादपर्यंत मारायचा. दहा वर्षं डिझेलवर काढलेली. पेट्रोलची पिकअप म्हटल्यावर तो पोट धरून हसला. “पेट्रोलवर भाडं मारतंय का कुणी भाऊजी? लोक काय म्हणतील? उद्या इकायला काढली तर कुत्रं इचारणार न्हाई.” सर तिथेच होते. ते रागावले नाहीत. “शिवा, तुझ्यासाठी डिझेलच,” म्हणाले. “तू इथून निघतोस तो हैदराबादला थांबतोस. याचं तसं न्हाई.” शिवाने तेव्हा मान डोलावली. सर गेल्यावर मात्र म्हणाला, “ज्याला स्टेरिंग धरता येत न्हाई त्याच्या सल्ल्यानं गाडी घेतंय का कुणी?”

त्यावर मी हसलो. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

त्यानंतर दोन महिने सर आणि मी गाड्या बघत हिंडलो. लातूर, उदगीर, अहमदपूर. पेट्रोलच्या पिकअप मुळात कमी, त्यात सरांची नजर. एक गरम निघाली. एकीचा चेसिस वाळूच्या भाड्यांनी वाकलेला. एकीचा मालक फार गोड बोलतो म्हणून सरांना संशय आला आणि तो खरा ठरला. कागदावर गाडी तिसऱ्याच माणसाच्या नावावर होती. प्रत्येक वेळी सर म्हणायचे, “घाई काय आहे? गाडी कुठं पळून चालली?” मला मात्र घाई होती. उन्हाळा तोंडावर आला होता, रिक्षावाला भाडं वाढवून मागत होता, आणि सासरवाडीत ज्याला त्याला मी गाडी घेतोय हे कळलेलं होतं.

अशात एका संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. अर्धापूरला एका मंडपवाल्याकडे पेट्रोलची पिकअप आहे, फक्त लग्नसराईत चालवलेली, एकाच हातातली. “त्याला सांगून ठेवलंय, मी येईपर्यंत किल्ली लावायची न्हाई. उद्या साडेपाचला स्टँडवर ये. नांदेडची पहिली बस धरू.” मी हो म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा मी लातुरात शिवाच्या घरी होतो. समोरच्या गल्लीत एक डिझेल पिकअप उभी होती. पांढरीशुभ्र, टायर नवे, टपावर बांधायची जाळीसुद्धा नवी. मालकाने सेल्फ मारला, एका झटक्यात चालू. गरमच होती ती. मी बॉनेटला हात लावला नाही, कारण हात लावला असता तर काय कळलं असतं ते मला माहीत होतं. “आज न्हाई घेतली तर उद्या दुसरा नेतोय,” शिवा म्हणाला. मी इसाराचे पैसे देऊन टाकले.

महानंदाला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “सरांना एक फोन तर करा. म्हातारा माणूस पहाटे स्टँडवर येऊन बसंल.” मी म्हणालो, सकाळी करतो.

सकाळी सरांचेच तीन फोन आले. माझा फोन बंद नव्हता, बॅटरी संपलेली नव्हती. मी तो हातात धरून वाजू दिला. वाटलं, मी आलो नाही म्हणून ते घरी परत जातील, आणि दुपारी आरामात काहीतरी सांगू.

सर परत गेले नाहीत. एकटे नांदेडला गेले, तिथून अर्धापूरला गेले, थंडी गाडी बघितली, मंडपवाल्याच्या पोराला शेजारी बसून दहा किलोमीटर चालवायला लावली आणि आपल्या शब्दावर ती दोन दिवस माझ्यासाठी थांबवून ठेवली. आणि चार वाजता, उन्हाने काळवंडलेल्या तोंडाने, घरी न जाता थेट माझ्या प्लांटवर आले. “बसू, झालं काम!” दारातूनच म्हणाले.

आत डिझेल पिकअप उभी होती. हार घातलेली, टायरखाली लिंबं चिरडलेली. शिवा पेढे वाटत होता.

सर जागच्या जागी थांबले. मग हळू चालत गाडीपाशी आले आणि सवयीने बॉनेटवर हात ठेवला. “गरम आहे,” म्हणाले. आणि लगेच स्वतःच सावरून घेतलं, “आत्ताच लातूरहून आणली असशील.” त्यांनी पेढा घेतला. रंग चांगला आहे म्हणाले. टायर चांगले आहेत म्हणाले. मी काहीतरी पुटपुटत होतो, अचानक ठरलं, वेळच मिळाला नाही, असलंच काही. त्यांनी मान हलवली आणि बाजूला जाऊन मंडपवाल्याला फोन लावला. मी चार पावलांवर होतो. सगळं ऐकू आलं.

“दादा, गाडी थांबवू नका. द्या ज्याला द्यायची त्याला. न्हाई, न्हाई, गाडीत काही खोट न्हाई. चूक माझी झाली. माझ्या माणसाला मी नीट विचारलंच न्हवतं.”

ते मला रागावले असते तर मी कधीच मोकळा झालो असतो.

पुढचं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. दीड-दोन महिन्यांत समोरचा पिवळा दिवा लागायला लागला. गाडी ओढेना. लातूरच्या वर्कशॉपवाल्याने जाळी तुंबल्याचं सांगितलं आणि विचारलं, “गावातल्या गावात चालवताय का?” साफ करून आणली, पुन्हा तेच. भर उन्हाळ्यात दोनदा मला भाड्याची रिक्षा लावावी लागली. पण मला गाडीचं तेवढं वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की मी सरांना टाळायला लागलो. त्यांच्या घरचा जार मी दारात ठेवायचो आणि हाक न मारता निघून जायचो. रिकामा जार सर विसळून, बूच लावून ओट्यावर ठेवायचे. आत रेडिओ चालू असायचा. पाच पावलं आत जायचं होतं. वर्षभर मी ती गेलो नाही.

मग एक दिवस तेच प्लांटवर आले. पत्नी वारल्यापासून ते एकटेच होते. आता गुडघ्यांनी साथ सोडली होती आणि नांदेडची लेक त्यांना एकटं राहू द्यायला तयार नव्हती. “सामान फार न्हाई,” म्हणाले. “एक कपाट, पुस्तकं, पलंग. तुझी गाडी मिळंल का? भाडं घ्यायचं.” मी म्हणालो, “सर, असं नका बोलू.” ते म्हणाले, “बरं, नको घेऊ.”

ते माझ्या गाडीत बसले ते तेवढंच. अहमदपूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि महिनोन्‌महिने कण्हणारी गाडी सुरळीत पळायला लागली. सर डोळे मिटून ऐकत होते. “आवाज ऐक,” म्हणाले. “कसा सुटलाय बघ. लांबच्या वाटेला चांगली आहे रे ही.” त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी म्हणालो, “सर, त्या दिवशी मी फोन मुद्दाम…”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “पुढं चढ आहे, गिअर बदल.”

लोह्याला आम्ही चहा घेतला. त्यांनी दुसरा विषय काढू दिला नाही. शाळेतल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगत राहिले. नांदेडला लेकीच्या अपार्टमेंटचा वॉचमन पिकअप आत घेऊ देईना, म्हणून सामान रस्त्यावरच उतरवलं. निघताना सर काचेपाशी आले आणि म्हणाले, “हिला पंधरा दिवसांतून एकदा अशी लांब पळवत जा. म्हणजे जाळी साफ राहील. इथपर्यंत आलास तरी चालेल. बरोब्बर तेवढं अंतर आहे.”

मी त्यांचं ऐकलं. पहिल्यांदाच त्यांचं पूर्ण ऐकलं, असं मला वाटत होतं. दर दुसऱ्या रविवारी मी गाडी रिकामी पळवायचो. पण नांदेडकडे नाही, लातूरकडे. तिकडे प्लांटचं सामान मिळायचं, शिवाकडे जेवण व्हायचं. पुढच्या वेळी नांदेडला जाऊ, असं दर वेळी ठरायचं. महानंदाने दोनदा सरांसाठी धपाटे बांधून दिले. दोन्ही वेळा मी ते शिवाच्या घरी देऊन आलो.

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जार भरत होतो. महानंदाला घेऊन तसाच निघालो. मागे जार होते तेही उतरवायचं सुचलं नाही. अहमदपूर, लोहा, सगळं मागे गेलं. गाडीने वाटेत एकदाही कुरकुर केली नाही.

अपार्टमेंटच्या फाटकापाशी मी सवयीने रस्त्याच्या कडेला थांबलो. वॉचमन नवा होता. त्याने नंबरप्लेट बघितली आणि फाटक सताड उघडलं.

“चाकूरची पिकअप ना?” तो म्हणाला. “या, आत घ्या. सरांनी मागंच सांगून ठेवलंय, आली की अडवू नको म्हणून.”