कुलवंती

सोनगीरला आमच्या शेजारी एक म्हातारी अक्का राहायची. पाळण्याची दोरी हातात आली की तिचे डोळे मिटायचे आणि बोलणंही झोक्याच्या लयीत यायचं. कुलदीप, वंशराज अशी नावं लोक तिच्याकडून मुलांसाठी मागून न्यायचे.

मला तिसरी मुलगी झाली, तेव्हा सासूबाईंनी बारसं केलं नाही. अक्का आपणहून आली आणि बराच वेळ झोका देऊन बाळाच्या कानात म्हणाली, "कुलवंती."

मुलग्याशिवाय वंश चालत नाही असं मानणाऱ्या सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कुळ ते आंडोरघाई चालस, पोरगीघाई नही!"

"मी पाळनावरथून देस, तू खालथून ले," अक्का डोळे न उघडताच म्हणाली.

पिठाचे हात पदराला पुसत सासूबाई आल्या आणि बारशात बाळ घ्यायला बसतात तशा पाळण्याखाली ओंजळ धरून बसल्या. बाळ हातात आल्यावर मात्र त्यांनी ते कितीतरी वेळ कुणालाच दिलं नाही.