बंद वॉर्डातलं क्रिकेट

आजारात माझ्या हातून थोरल्या भावाचा उजवा खांदा मोडला. जानेफळला, आमच्याच अंगणात, फावड्याच्या दांड्यानं. समोर आपला भाऊ आहे हे मला त्या वेळी ओळखूच आलं नव्हतं. कोर्टानं मला मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात पाठवलं.

गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण अंग सुटलं. सगळ्यांचंच सुटलेलं. दिवसभर पलंगावर लोळत असायचो. मग वॉर्डच्या सिस्टरांनी टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला. समोर उभं राहून आपण हात हलवला की पडद्यावरचा माणूसही तसाच हलवायचा. त्यात क्रिकेट होतं. बाकीचे घाम निघेपर्यंत खेळायचे. माझी पाळी आली की मी गुडघे दुखतात म्हणायचो. दोन्ही मुठी जोडून काही उगारायचं, रिकाम्या हवेत का होईना, माझ्यानं होत नव्हतं.

एकदा भाऊ भेटायला आला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "तुम्ही तरी उठवा यांना. अजिबात हलत नाहीत."

भाऊ चपला काढून टीव्हीसमोर उभा राहिला. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून डाव्यानं बॉल टाकायला लागला.

"चाल, बॅटिंग कर."

उठलो, पण मान वर करवेना. पहिला बॉल सोडला. दुसराही.

"काऊन सोडून राह्यला बे?"

"मले नाही जमत, दादा."

"माह्या हाताकडं पाहून सोडून राह्यला ना तू?" सगळ्या वॉर्डासमोर तो बोलला. तोंड कुठं लपवावं कळेना. "तुले हारतानी पाह्याले नाही आलो मी एसटीनं. मार!"

मारला. टीव्हीतून टाळ्यांचा आवाज आला. भाऊ हसला, पुन्हा टाकला. मी धापा टाकत मारत राहिलो. नाक पुसायला थांबलो की म्हणायचा, "थकला का बे?"

त्यानंतर मी रोज खेळलो. सुटून घरी आलो तेव्हा शेतापर्यंत चालताना दम लागत नव्हता. अजूनही सकाळी आम्ही दोघं जातो. समोरून येणारी बाई लेकराला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला घेते. माझी पावलं मंदावतात. भाऊ तिला राम राम घालतो आणि माझ्यासाठी थांबतो.