माईकवर घेतलेलं नाव

हौसाक्का बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसे, ओठांकडे बघे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या दातांना काही लागलंय. मी दोनदा तोंड पुसलं. ती म्हणाली, "काय लागलं न्हाई. बोल तू."

चाकणच्या एका कंपनीत आम्ही दोघी ठेकेदाराच्या माणसांत होतो. तिथे प्रेसमशीनवर गाड्यांचे पत्र्याचे भाग निघतात. अक्का सतरा वर्षं त्या कामावर होती, मी नवीन. ती जवळच्याच खेड्यातली, मी लातूरकडची. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. पण प्रेसशॉपमध्ये आवाजच इतका की तिथे कुणी बोलत नाही, सगळं हातांनी चालतं. पोटावरून हात फिरवला की जेवणाची सुट्टी. नाकाला बोट लावलं की सुपरवायझर येतोय. आणि कुणी मूठ वर केली की आपलं काम टाकून दोन्ही हात खांद्याच्या वर धरायचे, मग काय झालं ते बघायचं. हे सगळं अक्काने मला आठवड्यात शिकवलं. "तुला हितंच बरं," ती म्हणायची. "मुक्यांच्या गावात लाजरी पाटलीण."

तिला ऐकू येत नाही हे मला तीन महिन्यांनी कळलं. दरवर्षी कंपनीत कानाची तपासणी होते. हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. कान गेलेल्या बाईला प्रेसवर ठेवत नाहीत आणि आमच्या ठेकेदाराकडे दुसरं काम नसतं. तरी अक्का दरवर्षी पास व्हायची. कशी, ते तिनेच सांगितलं. "तपासणाऱ्याच्या बोटाकडं बघायचं. त्यानं दाबलं की आपुन दाबायचं. त्याचंबी काम व्हतं, आपलंबी." मी म्हटलं, "अक्का, हे बरं नाही." ती म्हणाली, "मंग जा, सायबाला सांग जाऊन." मी तोंड उघडणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

तिचा वाढदिवस एक जानेवारीला. खरी तारीख तिच्या आईलाही माहीत नव्हती, आधारकार्ड काढताना तिथल्या माणसाने ही टाकून दिली. "समदं जग माझ्या वाढदिसाला फटाकं वाजवतंय," ती म्हणायची, "आन मी घरात भाकऱ्या बडवतीय." या वर्षी त्या दिवशी आम्हाला सुट्टी आली. अक्काने ठरवलं, पिंपळे सौदागरला जायचं, जिथे जेवताना समोर माणसं बसून गातात त्या हॉटेलात. बारा दिवसांनी तपासणी होती. मी विचारलं, तिथेच कशाला? "ल्हानपणी माझ्या आबाच्या भजनात मी पखवाजाला खेटून बसायची. जवळनं आजून कायतरी ऐकू येत आसंल. येतंय का न्हाई ते एकदा बघते."

बसने नाशिक फाट्याला उतरून आम्ही रिक्षा केली. हॉटेलातलं मेनूकार्ड इंग्रजीत होतं. अक्काने शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "आमाला तसंच आण." आलं ते पनीर, तापल्या लोखंडी ताटलीत धूर सोडत. अक्का म्हणाली, "ह्याचं वेल्डिंग आजून चालूच हाय की."

दोघेजण गात होते, एकाकडे गिटार, दुसरा लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं वाजवत होता. स्पीकरशेजारचं टेबल कुणी घेत नव्हतं, ते आम्ही घेतलं. आवाजामुळे बाकीची माणसं एकमेकांच्या कानात ओरडत होती. आम्ही दोघी मात्र हातांनी निवांत बोलत होतो. गाणं संपताना गिटारवाल्याने मूठ वर केली. आम्ही दोघींनी चमचे टाकले आणि हात खांद्यांच्या वर धरले. त्याला वाटलं, गाणं फार आवडलं. त्याने आमच्याकडे बघून मान लववली. अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

वाढदिवस असल्याचं तिने वेटरला सांगितलं होतं, त्याने गाणाऱ्याला. तो माईकवर म्हणाला, "आज हौसाबाईंचा वाढदिवस आहे." सगळं हॉटेल टाळ्या वाजवत आमच्याकडे बघायला लागलं. अक्का खाली मान घालून पनीर फुंकत होती. स्पीकर तिच्यापासून दोन हातांवर होता.

मी तिच्या गुडघ्याला हात लावून सांगितलं. ती थांबली.

"माईकवर? माझं नाव?"

"हो."

"परत घ्याया सांग. आता ध्यान देते."

मी बसल्या जागेवरून गाणाऱ्याला खुणा केल्या. त्याने नुसता अंगठा दाखवला. मग मला उठावं लागलं. जाऊन म्हणाले, "त्यांना ऐकू आलं नाही. परत नाव घ्या." माईक चालू होता, ते सगळ्यांनी ऐकलं. त्याने तीनदा नाव घेतलं. अक्काने तळहात स्पीकरवर ठेवून डोळे मिटले होते. मी परत आल्यावर ती म्हणाली, "आलं."

परतीच्या बसमध्ये मोशी आल्यावर ती म्हणाली, "न्हाई आलं गं. हाताला नुसती थरथर."

"मग आलं कशाला म्हणालीस?"

"तू तिथवर गेलीस म्हणून. तुझं व्हट दिसत हुतं मला. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणलीस. एवढ्या लोकांत. मला सतरा वरसांत ते एकदा म्हणता आलं न्हाई."

तपासणीच्या दिवशी तिने हेडफोन घेतलाच नाही. डॉक्टरांना म्हणाली, "ऐकू येत न्हाई. बोटाकडं बघून दाबायची मी, तसं लिव्हा." बोट दिसू नये म्हणून डॉक्टरांनी खुर्ची भिंतीकडे फिरवायला लावली आणि बाकीच्यांना तसंच बसवलं. आणखी चौघी नापास झाल्या. पाच बायका एकदम काढता येईनात, म्हणून कंपनीने चौघींसाठी पॅकिंगमध्ये जागा केली. पगार कमी. अक्काला वयाचं कारण सांगून कामावरून काढलं.

शेवटच्या दिवशी त्या चौघी तिला गेटवर अडवून उभ्या होत्या. एक म्हणाली, "तुझं तू सांगायचं होतं. बोटाचं कशाला सांगितलंस?" तिने तोंडाला स्कार्फ बांधला होता.

"परत बोल," अक्का म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई."

येणारीजाणारी सगळी शिफ्ट उभी राहिली. ती बाई घुटमळली. मग तिने स्कार्फ खाली ओढला आणि तेच पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. अक्काने शेवटपर्यंत तिच्या ओठांकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यामुळंच झालं."